हिराने काय पुसलं

भिलाईच्या सेक्टर सहामधल्या आमच्या आणि काळमेघांच्या क्वार्टरची मधली भिंत एकच होती. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की आमच्याकडे कुणीतरी गॅस बारीक करायला उठायचं. त्यामुळे हिराला मार बसायचा तोही सगळा ऐकू यायचा, आणि सहा वर्षं मी तो ऐकला. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सांगायला मला तोंड राहणार नाही.

हिरा दुर्गची. वडील भाऊराव रेल्वेत केबिनमन, बोरसीला त्यांचं दोन खोल्यांचं घर. हिरा बी.कॉम. झाली, मराठी, हिंदी आणि इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा पास झाली आणि एक्क्याण्णव साली शामराव काळमेघला दिली गेली. शामराव मूळचा काटोलकडचा, पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर. उंच, गोरा, बोलायला गोड. माझे मालक मारोतराव टाइम ऑफिसात क्लार्क होते. रस्त्यात भेटले की शामराव स्कूटर थांबवून आधी हात जोडायचा, "नमस्कार मारोतरावजी." तोच माणूस घरात शिरून कडी लावली की दुसरा व्हायचा.

दुसऱ्या वर्षी हिराला तिसरा महिना होता तेव्हा पोटात लाथ बसली. वरणात खडा लागला होता, एवढंच कारण. दवाखान्यात तिनं सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. मी सोबत होते, मीही तेच सांगितलं. त्यानंतर तिला दिवस गेले नाहीत, आणि मूल होत नाही हे मारायला आणखी एक कारण झालं.

टायपिंगची कामं ती घरीच करायची. पोरांचे प्रोजेक्ट, अर्ज, लग्नपत्रिकांचा मजकूर. सत्त्याण्णवच्या सुरुवातीला एका कोचिंग क्लासनं जुने कॉम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक तिनं घेतला. शामरावनं नाही म्हटलं नाही. लोकांना सांगायला बरं, की आमच्या घरी कॉम्प्युटर आहे.

मशीन चारशे शह्याऐंशी म्हणतात त्या जुन्या जातीचं होतं, क्लासच्या पोरांनी दोन-तीन वर्षं पिळून काढलेलं. बटण दाबलं की आधी काळ्या पडद्यावर मेमरीचे आकडे सरकायचे, मग ढगांचं चित्र यायचं आणि तिथंच बसायचं. आत डिस्क घरघरत राहायची. मी एकदा चहा मांडून बसले होते, तर चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी ढग गेले नव्हते. हिरा म्हणाली, "सात मिनिटं लागतात, वहिनी. कधी आठ."

त्या सात मिनिटांनीच पुढचं सगळं घडवलं.

एका कॉलेजातले मास्तर आपला प्रबंध टाइप करून घ्यायला यायचे. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, दाराशीच खुर्ची टाकून बसायचे आणि दार सताड उघडं ठेवायचे. एक दिवस सकाळची शिफ्ट करून शामराव दोन वाजता घरी आला आणि त्यानं त्यांना निघताना पाहिलं. हात जोडून नमस्कार केला, त्यांना फाटकापर्यंत सोडून आला. मग कडी लावली.

"काय लिवत होता तो? दाखव."

"बंद केलं मी मशीन."

"चालू कर."

हिरानं चालू केलं. मेमरीचे आकडे सरकायला लागले. ते तिनंच मला नंतर सांगितलं, कारण मी भिंतीपलीकडून फक्त आवाज ऐकले होते. तो मागं उभा राहिला. ढग आले आणि थांबले.

"कावून उघडत नाही?"

"हळू आहे नं ते. वेळ लागते."

"का कोणती गोष्ट लपवून राहिली?"

पहिला फटका मानेवर बसला. तिचं कपाळ मॉनिटरवर आपटलं. त्यानं वेणी हाताला गुंडाळली आणि तिचं तोंड पडद्यासमोर धरून ठेवलं. दर थोड्या वेळानं विचारायचा, "उघडलं?" आणि नाही म्हटलं की मारायचा. सात मिनिटं. शेवटी पडदा उघडला, तिनं फाइल दाखवली. गव्हाच्या तांबेऱ्यावरचा प्रबंध होता. त्यानं दोन पानं वाचली, वेणी सोडली आणि जेवायला वाढ म्हणाला.

मग ते रोजचंच झालं. रोज म्हणजे अगदी रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. तो आला की म्हणायचा, चालू कर. मशीन उघडेपर्यंत मार. मी इकडे रेडिओ मोठा करायची. मारोतराव पेपर वाचत म्हणायचे, "त्यांच्या घरचा मामला आहे. आपल्याले काय करायचं?" मला ते पटायचं. कारण ते पटवून घेणं सोपं होतं.

एक दिवस हिरा माझ्याकडे आली. ओठ फुटलेला होता. मला वाटलं रडेल, पण ती म्हणाली, "वहिनी, माह्यासंगं सुपेल्याले चालता का? हे मशीन जल्दी कसं चालू होते ते शिकायचं आहे मले."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. पळून जाणं नाही, माहेर नाही, पोलीस नाही. सात मिनिटांची दोन मिनिटं झाली तर पाच मिनिटांचा मार वाचेल, असा तिचा सरळ हिशेब होता.

सुपेल्याच्या बाजारात ओमप्रकाश नावाचा मेकॅनिक होता. टीव्ही, टेपरेकॉर्डर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरवर आलेला. तिच्या ओठाकडे त्यानं एकदा पाहिलं, मग परत पाहिलं नाही. कॉम्प्युटरचं एक जुनं कॅबिनेट पुढं ओढून झाकण काढलं. आत काळ्या-तांबूस धुळीचा थर होता. त्यानं चुंबक फिरवला, तशी धूळ त्याला केसासारखी चिकटून उभी राहिली.

"देखो दीदी, भिलाई की धूल है. इसमें लोहा है. ये पंखे को पकड़ लेती है, फिर मशीन गरम, फिर सब धीमा."

त्यानं ब्रशनं धूळ कशी काढायची ते दाखवलं. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरनं घासायचे. अंगातली वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या लोखंडाला आधी हात लावायचा, मगच आतल्या वस्तूंना. आणि आतला कचरा निराळा. अर्धवट राहिलेल्या फाइली, कुणी कधी टाकलेले गेम, चालू होतानाच आपोआप उठणारे प्रोग्राम. शेवटी डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले तुकडे एका जागी लावणं. हिरा वहीत सगळं लिहून घेत होती. ओमप्रकाश म्हणाला, "जल्दी मत करना. जो समझ में नहीं आता, उसको मत मिटाना."

पुढचा पंधरवडा ती शामराव ड्यूटीवर गेला की कामाला लागायची. पंख्याच्या पात्यांमधून पालीची दोन अंडी निघाली. क्लासच्या पोरांनी भरलेले शेकडो फॉन्ट होते. ती एकेक उघडून पाहायची, लागणारे ठेवायची, बाकीचे काढायची. डीफ्रॅग पहिल्यांदा लावलं तेव्हा साडेचार तास चाललं. पडद्यावर रंगीत चौकटी सरकत होत्या आणि ती समोर बसून भाजी निवडत होती. मला म्हणाली, "पाहा नं वहिनी, कसं एकेक आपापल्या जागी चाललं." इतक्या वर्षांत मी तिला असं एका जागी निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी तिनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. एक मिनिट दहा सेकंद. ती धावत आमच्याकडे आली, मला हाताला धरून नेलं आणि परत चालू करून दाखवलं. कॅबिनेटचं झाकण अजून बसवलेलं नव्हतं, स्क्रू वाटीत ठेवलेले होते. मी म्हटलं, "बरं झालं गं." आणि शामराव यायची वेळ झाली म्हणून घाईनं परत आले.

तो आला. मी ओट्याशी उभी होते.

"चालू कर."

त्याचे बूट काढून व्हायच्या आत मशीन उघडलं. मला वाटलं, निभलं.

"आज एवढ्या जल्दी कसं काय?"

"साफ केलं मी. धूळ होती, कचरा होता."

"काय होता कचरा?"

"जुन्या फाइली होत्या. क्लासच्या पोरांच्या."

"काय पुसलं तुनं?"

"काई नाही जी. कामाचं नव्हतं ते."

"मले उल्लू समजली का? इतके दिवस जे लपवून राहिली होती ते पुसलं. सांग. काय होतं?"

हिराला वाटलं होतं, उशीर होतो म्हणून तो मारतो. त्या क्षणी तिला कळलं, की उशीर नसता तरी मार होताच. हे तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. ती म्हणाली, इतक्या सटासट कळलं वहिनी, की मले हसू आलं.

ती हसली, आणि त्या हसण्यानं तो पेटला. त्यानं तिचा उजवा हात टेबलाच्या कडेवर दाबला आणि कॅबिनेटचं ते पत्र्याचं झाकण उभं धरून बोटांवर आणलं. एकदा. मग परत. पहिलं आणि मधलं बोट मोडलं. ते मोडल्याचा आवाज मला ऐकू आला असं मी म्हणणार नाही, पण तिची किंकाळी ऐकली. मी रेडिओपर्यंत गेले. बटणाला हातही लावला.

मग दुसरी किंकाळी आली, आणि ती पुरुषाची होती.

मी धावले. सहा वर्षं बाईचा आवाज ऐकून मी जागची हलले नाही, आणि बाप्याचा आवाज आला तशी धावले. याचा मला आजही विचार करवत नाही.

कडी आतून होती. मी मागच्या अंगणातून शिरले. शामराव जमिनीवर बसला होता. गुडघ्याच्या वर मांडीत स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत रुतलेला होता. पॅन्ट काळी पडत चालली होती. तो मशीन उचलून आपटायला निघाला होता तेव्हा हिरानं डाव्या हातानं तो मारला होता. मशीन बाजूच्या दिवाणावर कलंडलं होतं. माझ्या देखत त्यानं ओरडत स्क्रू ड्रायव्हर उपसला आणि फेकला. रक्ताची धार लागली. "मारून टाकीन तुले," तो म्हणत होता, पण त्याला उठता येत नव्हतं.

हिरानं स्क्रू ड्रायव्हर उचलला, पदराला पुसला आणि मशीनशी जाऊन बसली.

"वहिनी, हे चार स्क्रू काढून द्या. माह्या हातानं होत नाही."

"आधी दवाखान्यात चल, हिरा."

"डिस्क घेऊन जातो मी. बाकी राहू द्या. लोकांची कामं आहेत तिच्यात."

मी चार स्क्रू काढले. एक स्क्रू तीनदा निसटला. तिनं डिस्क रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. मग आम्ही दोघी बाहेर पडलो आणि मी शेजाऱ्यांना हाक मारून सांगितलं, आत माणूस जखमी आहे, त्याला न्या.

पोलिसांपासून तिनं लपवलं काहीच नाही. म्हणाली, "हाव, मी मारलं." आणि मोडलेली बोटं पुढं केली. दोन्हीकडून केस झाली. त्याची तिच्यावर, तिची त्याच्यावर.

बोरसीला माहेरी ती दीड महिना राहिली. आई तुळसाबाई तिला जेवू घालायची, वेणी घालून द्यायची. वडील बोलायचे नाहीत. प्लास्टर निघालं त्या दिवशी भाऊराव म्हणाले, "नवऱ्यावर हात उचलणारी पोरगी घरात ठेवली, लोक काय म्हणतील? मी त्याच्याशी बोलतो. जाऊन माफी माग." हिरानं मान हलवली, नाही. तेव्हा त्या साठीच्या माणसानं तिच्या थोबाडीत मारली. तुळसाबाई मध्ये आली, तिलाही लागली. हिरा दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता भिलाईतल्या कोहक्याला खोली बघायला गेली.

कोहक्यात रस्त्यावरची एक खोली मिळाली. मागं राहायचं, पुढं दुकान. ओमप्रकाशनं त्याच्याकडे पडून असलेलं मशीन दिलं आणि आपली काही गिऱ्हाइकं तिच्याकडे पाठवली. त्या वर्षी सेक्टरमध्ये घराघरात कॉम्प्युटर येत होते आणि वर्षभरात सगळे हळू होत होते. हिरा सायकलला पिशवी लावून क्वार्टर-क्वार्टर फिरायची. ब्रश, खोडरबर, फ्लॉपीचा डबा. बायकांना ती बरी वाटायची. दुपारी साहेब घरी नसताना बाईमाणूस येऊन काम करून जातं म्हणून. तिची दोन बोटं वाकडीच जुळली होती. ती उरलेल्या आठ बोटांनी टाइप करायची आणि तरी टायपिंग शिकत असलेल्या माझ्या मुलापेक्षा वेगानं.

मी मंगळवारी दुपारी तिच्याकडे जाऊन बसायची. धूळ झाडायला मला येऊ लागलं होतं. मारोतरावांना ते आवडत नव्हतं, पण मी विचारणं सोडलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये, अशाच एका मंगळवारी शामराव आला. दुर्गच्या कोर्टात त्या आठवड्यात माझी साक्ष व्हायची होती. त्याच्या हातात सळई होती. लंगडत आला आणि एक शब्द न बोलता टेबलावरच्या मॉनिटरवर पहिला घाव घातला. बंदुकीसारखा आवाज झाला. काच सगळीकडे उडाली. एक तुकडा हिराच्या गालात घुसला, एक त्याच्या हनुवटीत. दुसरा घाव त्यानं तिच्यावर उगारला. मी त्याचा दंड धरला. त्यानं झटकलं तशी मी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटले आणि कपाळ फुटून डोळ्यांत रक्त आलं. तिच्या खांद्यावर सळई बसली. ती खाली पडली, तसा तो तिच्या डोक्यावर नेम धरायला लागला.

शेजारी टायरचं दुकान होतं. आवाजानं तिथले तिघं-चौघं धावत आले. त्यांनी सळई हिसकली, त्याला ओढत रस्त्यावर नेलं आणि मारायला सुरुवात केली. टायरच्या ट्यूबनं, बुटांनी, मिळेल त्यानं. उन्हात लोक जमले. ज्यांना प्रकरण काय ते माहीत नव्हतं, तेही मारत होते. शामराव आधी शिव्या देत होता, मग हात जोडत होता, मग नुसता कण्हत होता.

हिरा दारात येऊन उभी राहिली. एक हात लोंबत होता, गालातून रक्त गळत होतं. तिनं "बस" म्हटलं असतं तर ते थांबले असते. टायरवाल्यांनी तिच्याकडे दोनदा पाहिलंही. ती बघत राहिली. मी कपाळाला पदर दाबून भिंतीला टेकून बसले होते, मला तिची पाठ दिसत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ती पायऱ्या उतरली, गर्दीत शिरली आणि म्हणाली, "छोड़ दो अब. मर जाएगा."

त्याच्या चार फासळ्या मोडल्या होत्या, खालचे दात गेले होते. तिचा खांदा निखळला होता, मला चार टाके पडले.

दवाखान्यात मारोतराव आले. म्हणाले, "तुले काय गरज होती मध्ये पडायची? आता कोर्टात तोंड उघडू नको. आपल्याले इथंच राहायचं आहे."

टाके असतानाच मी साक्ष दिली. सहा वर्षांत काय ऐकलं ते सांगितलं. न्हाणीत पाय घसरल्याचं मी खोटं बोलले होते, तेही सांगितलं. वकिलानं विचारलं, इतकं ऐकत होतात तर एकदाही दार का वाजवलं नाही? मी म्हटलं, भीती वाटत होती आणि सोपंही वाटत होतं. मारोतराव दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस चहात साखर कमी आहे म्हणाले, आणि बोलणं सुरू झालं.

निकाल नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये लागला. शामरावला शिक्षा झाली, नोकरीही राहिली नाही. तुरुंगातून सुटल्यावर तो काटोलकडे गेला. हिराला तिच्यावरच्या केसमधून सोडलं, घटस्फोटही मिळाला. निकालाच्या दिवशी ती कोर्टातून थेट एका शाळेत गेली. तिथली अकरा मशीनं दोन हजार साल लागायच्या आत तपासून द्यायची होती, कारण तारीख बदलली की सगळे कॉम्प्युटर बंद पडतील असं जो तो बोलत होता. मीही गेले. शाळा सुटलेली होती. तिनं झाकणं काढली, मी ब्रश घेतला.

तिसऱ्या मशीनला ती म्हणाली, "वहिनी, तुमी साक्षीत एक सांगितलं नाही. कोहक्याले मी किती वेळ उभी राहिली ते."

"कुणी विचारलं नाही."

"विचारलं असतं तर?"

"सांगितलं असतं."

तिनं मान हलवली. "मले बरं वाटून राहिलं होतं तेव्हा. मनात म्हटलं, आणखी एक. आणखी एक. मंग त्यानं हात जोडले, तरी मी पाहतच राहिली." तिनं मेमरीची पट्टी उजेडात धरली आणि खोडरबरनं घासू लागली. "ते पालीच्या अंड्यासारखं माह्या आत कधीपासून होतं, कोण जाणे. त्याची भीती वाटते आता. शामरावची नाही वाटत."

मी म्हटलं, मार खाल्लेल्या माणसाला असं वाटतंच. ती म्हणाली, "वाटते का? मंग ठीक आहे," पण तिला ते पुरलेलं नव्हतं हे दिसत होतं.

पाच वाजेपर्यंत सात मशीनं झाली. चार उरली. शाळेच्या शिपायाला कुलूप लावायचं होतं, म्हणून आम्ही ती सोमवारवर टाकली आणि सायकली घेऊन निघालो.